उघड्या पाठीवरचं खोगीर

एका राज्यात घोडे बसेनासे झाले. राज्याचं नाव विचारू नका, मला आठवत नाही, आणि आठवलं तरी त्याने गोष्टीत काय फरक पडणार आहे? घोडा उभ्या उभ्या झोपतो हे मलाही ठाऊक आहे, मला शिकवू नका. पण सुखी घोडा दिवसातून एकदा तरी अंग टाकतो, मातीत लोळतो, चारी पाय झाडतो आणि उठून फुरफुरतो. ह्या राज्याच्या जुन्या पागेतले एकवीस घोडे मात्र लढाई संपली त्या दिवसापासून उभेच होते. दाण्याला तोंड लावत नव्हते. कान रस्त्याकडे, मान ताठ, जणू आत्ता कोणी हाळी देईल आणि निघावं लागेल.

त्याहून नवल पुढेच आहे. पाठी उघड्या होत्या. वर खोगीर नाही, झूल नाही, काही नाही. तरी पाठी लागलेल्या! खोगीर जिथे घासतं नेमक्या तिथेच जखमा. संध्याकाळी धुवाव्यात, हळद-तेल लावावं, आणि सकाळी बघावं तर पुन्हा ओल्या. राजवैद्य आला, त्याने हात टेकले. जोतिषी आला, त्याने घोड्यांच्या अंगावरचे भोवरे मोजले. दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळे भरले, मग तो कपाळ पुसत निघून गेला. न खाता घोडे जगले कसे, असं विचाराल. अहो, मंतरलेला घोडा भुकेने मरत नाही, नुसता झिजतो. ते मरणाहून वाईट.

ह्या पागेवर गोजरा नावाची मोतद्दारीण होती. मोतद्दार म्हणजे घोड्याचा खरारा, दाणापाणी, खोगीर, लगाम सगळं बघणारं माणूस. तिचा बाप मोतद्दार, आजा मोतद्दार. वय पन्नाशीचं, हात दोरखंडासारखे, आणि तोंड असं की उर्मट घोडाही गप्प उभा राहावा. एकवीस घोड्यांत तिचा जीव अडकला होता पाखऱ्यात. पाखऱ्या म्हणजे खुद्द राजाचा घोडा. जन्मला त्या दिवशी आई मेली, तेव्हा गोजराने फडक्याचा बोळा दुधात भिजवून त्याला वाढवला होता. ह्याच पाखऱ्याने खांद्यात बाण घेऊन राजाला भरल्या नदीतून पार नेलं होतं. आता त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि गोजरा मोजत नव्हती, कारण तिला ते बघवत नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी राजा प्रतापकेतूची दवंडी फिरली. दसऱ्याला नवे घोडे येणार. जुने घोडे भ्रमिष्ट झाले आहेत, कामाचे नाहीत. नवमीला सूर्य मावळताच त्यांना सुरीखाली घ्यावं आणि कातडी वेशीवरच्या नव्या नगाऱ्याला द्यावी.

काय बोलावं! सगळ्या मुलखात दसऱ्याला घोड्याला हार घालतात, आणि ह्यांनी आदल्या दिवशी सुऱ्या पाजवायला काढल्या.

गोजरा तशीच दरबारात गेली, हातात खरारा घेऊनच. दरबारात पाहते तो काय, राजा सिंहासनावर आडवा वळून, दोन्हीकडे पाय टाकून बसलेला! घोड्यावर बसतात तसा. हातात लगाम नाही, पण मुठी लगाम धरल्यासारख्या. मधूनच अंग हिंदकळे. लढाईवरून आल्यापासून राजा असाच बसे, असाच जेवे, चाले तेही पाय फाकून. बाकीचे शिलेदारही तसेच. कोणी पारावर तसा बसे, कोणी घरच्या उंबऱ्यावर. लोकांना वाटलं ही नवी रीत असेल. मग दरबारचे कारकूनही उगीचच पाय फाकून चालू लागले. राजा तसं करी म्हणून हेही तसंच, आणि का ते कुणालाच ठाऊक नाही.

"बोल गोजरे," राजा म्हणाला.

"सरकार, मी घोडे मागायला आले आहे."

"ते घोडे खात नाहीत, बसत नाहीत."

"खातील. बसतील."

"कसे?"

"ते ठाऊक नाही, सरकार."

राजा हिंदकळला. "ठाऊक नाही, तरी मागतेस?"

"सरकार, एकदा पागेत येऊन पाखऱ्याला बघा."

राजाचा चेहरा पडला. त्याने मान फिरवली. "मी पागेत येणार नाही. नवमीचा सूर्य मावळेपर्यंत घोडे खाऊ लागले, लोळू लागले, तर तुझे. नाहीतर नगाऱ्याचे. जा."

गोजरा बाहेर आली आणि पागेपुढच्या बाभळीखाली मटकन बसली. तिला काही सुधरेना. त्या बाभळीवर सातभाई पक्षी बसले होते, सातही, आणि कलकलाट चालला होता. त्या राज्यात पक्षी बोलत. कावळे मोजकं बोलत, पोपट गोड बोलत, आणि सातभाई सगळे एकदम बोलत.

पहिला म्हणाला, "पूर्वेला जा." दुसरा म्हणाला, "पश्चिमेला." तिसरा म्हणाला, "कुठेच जाऊ नकोस, पाय दुखतील." चौथ्याने तिसऱ्याला टोचलं. पाचव्याने विचारलं, "ही कोण?" सहावा ओरडला, "मी नाही! मी काही केलेलं नाही!"

"अरे मेल्यांनो, एकेक जण बोला," गोजरा म्हणाली.

तेव्हा सातवा, जो नेहमी सगळ्यांच्या मागून येई, तो म्हणाला, "घोडे जिथून आले, तिथे विचारावं. टापमाईकडे."

"तेच, तेच! आम्ही तेच म्हणत होतो!" बाकीचे सहा म्हणाले.

दोन दिवस चालून गोजरा टापमाईच्या डोंगरावर पोहोचली. डोंगरावर धुकं होतं आणि टापमाई ते धुकं फणीने विंचरत बसली होती. फणी फिरवली की एक शिंगरू बाहेर पडे, फणी फिरवली की आणखी एक. ती खिंकाळत, अंग झटकत आणि उतारावर पळत. ह्या राज्याच्या पहिल्या राजाला घोडे हिनेच दिले होते.

गोजराने सगळी हकिकत सांगितली. टापमाईने फणी थांबवली नाही.

"तीन कामं," ती म्हणाली. "जे खात नाहीत त्यांना चार. जे बसत नाहीत त्यांना बसव. आणि पाठीवर जे नाही, ते उतरव."

"आई, जे नाही ते उतरवू कसं?"

"मोतद्दार तू की मी?" असं म्हणून तिने मिठाचा एक खडा गोजराच्या ओच्यात टाकला. "हा आधी घोड्याला चाटव, मग तू चाट. त्याला दिसतं ते तुला दिसेल. सांभाळून वापर. आणि एकवीस म्हणजे एकवीस. एक जरी राहिला, तर बाकीचे वीस पुन्हा बांधले जातील."

गोजरा निघाली, तशी टापमाई मागून ओरडली, "आणि स्वाराने हात मागे का घेतला, ते आठव!"

कोणता स्वार, कोणता हात? गोजराला काही म्हणता काही कळलं नाही. परतीचे दोन दिवस ती तेच वाक्य चघळत आली, आणि पागेच्या दारात पोहोचेस्तोवर विसरूनही गेली.

पंचमी उजाडली. पहिलं काम, खायला घालणं. तिने चंदीचा दाणा आणला, भिजवलेले हरभरे आणले, कोवळी हरळी आणली, गूळ आणला. घोडे वास घेत आणि मान वर करत. पाखऱ्यापुढे ओंजळ धरून ती दुपारपर्यंत बसली. शेवटी वैतागून म्हणाली, "अरे, तोंडात काय कोंबलंय का तुझ्या?" आणि आपल्याच बोलण्यावर चमकली. पाखऱ्याचा जबडा चाळवत होता, जीभ मागे-पुढे होत होती. लगामाची कडी तोंडात असलेला घोडा अगदी अस्संच करतो! लढाईवरच्या घोड्याला शिकवलेलं असतं, कडी तोंडात असेतो दाण्याला शिवायचं नाही.

कडी नव्हती. तरी गोजराने हात वर नेला, पाखऱ्याच्या कानांवरून नसलेला पट्टा सरकवला, ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला आणि नसलेली कडी काढून घेतली. हातावर ओलसर थंड लोखंड लागलं. पाखऱ्याने जबडा हलवला, मग ओंजळीत तोंड घातलं आणि हरभरे कुडुम कुडुम खाल्ले. गोजरा हसली आणि रडली, आधी काय केलं ते तिलाच कळलं नाही. संध्याकाळपर्यंत तिने एकवीस लगाम काढले. कोपऱ्यातल्या कवडीचाही काढला. कवडी ही त्यांतली एकटीच घोडी, पांढरी, अंगावर कवड्यांसारखे ठिपके. लढाईवरून ती रिकाम्या खोगिराने एकटीच परत आली होती.

दुसरं काम, बसवणं. षष्ठी गेली. गोजराने मऊ वाळू अंथरली, अंगाई म्हटली, स्वतः लोळून दाखवलं. सातभाई बाभळीवरून हसून हसून पडायचे बाकी राहिले. घोडे पोटभर खात आणि पुन्हा रस्त्याकडे कान लावून उभे. सप्तमीला सकाळी तिच्या ध्यानात आलं. कुरणातले घोडे सगळे एकदम बसत नाहीत. बाकीचे आडवे होतात तेव्हा एक उभा राहून पहारा देतो. आणि ह्या एकवीस जणांत प्रत्येकाला वाटत होतं, पहाऱ्याची पाळी माझी.

मग ती पागेच्या मधोमध जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. "पहारा माझा," ती म्हणाली. "तुम्ही टेका."

ऊन चढलं. ती हलली नाही. तहान लागली, हलली नाही. माशा बसल्या, तेव्हा शेपूट नसल्याची तिला पहिल्यांदाच खंत वाटली. दुपारी पहिल्या घोड्याने गुडघे मोडले. मग दुसऱ्याने. अष्टमीच्या उन्हापर्यंत वीस घोडे वाळूत आडवे होऊन घोरत होते आणि गोजराचे पाय सुजून खांब झाले होते. पण झोपले तरी कोणी लोळत मात्र नव्हतं. कूस बदलायला जात आणि कण्हत थांबत. आणि पाखऱ्या? तो बसायला गेला, अर्धा वाकला, विव्हळला आणि पुन्हा उभा राहिला. तो राजाचा घोडा, त्याच्यावरचं ओझं सगळ्यांत जड.

नवमी उजाडली. वेशीजवळ सुऱ्या पाजवल्याचा आवाज पागेपर्यंत येऊ लागला. गोजराने मिठाचा खडा पाखऱ्यापुढे धरला. त्याने खरखरीत जिभेने चाटला. मग तिने चाटला.

आणि तिला दिसलं. पाखऱ्याच्या पाठीवर राजाचं सोन्याच्या फुलांचं खोगीर तसंच होतं! तेच खोगीर, जे तिने स्वतःच्या हाताने उतरवून जामदारखान्यात पोहोचवलं होतं, ते इथे होतं, पोटाखालून आवळायचा पट्टा, म्हणजे तंग, करकचून बांधलेला, खोगिराखालचा लोकरी नमदा कुजलेला. तिने तंगाला हात घातला. तंग हातातून धुरासारखा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. लगाम हाती लागला होता, मग तंग का लागत नाही? तिने शिव्या घातल्या, देवाला हाका मारल्या, दोन्ही हातांनी धरलं. काही नाही.

तेव्हा कुठे तिला टापमाईचं शेवटचं बोलणं आठवलं. स्वाराने हात मागे का घेतला?

लढाई संपली तो दिवस. राजा पागेच्या दारात पाखऱ्यावरून उतरला होता आणि त्याने स्वतःच तंगाला हात घातला होता. पागेची रीत अशी, की स्वाराने तंगाला हात लावला तर मोतद्दाराची नाचक्की. लोक म्हणणार, ह्यांना काम येत नाही. म्हणून गोजरा धावत पुढे गेली होती. "राहू द्या सरकार, हे आमचं काम!" राजाने हात मागे घेतला. ते पाहून मागच्या सगळ्या शिलेदारांनीही लगाम मोतद्दारांच्या हाती दिले. एकवीसच्या एकवीस खोगिरं मोतद्दारांनीच उतरवली. किती अभिमान वाटला होता तिला त्या दिवशी!

रोजचं खोगीर कोणीही उतरवावं. पण घोड्याच्या चाकरीतलं शेवटचं खोगीर ज्याने स्वारी केली त्यानेच उतरवायचं असतं, हा पहिल्या राजाचा टापमाईशी करार होता. गोजराला ते ठाऊक असणार कसं? तीस वर्षं लढाई चालली होती. तिच्या चाकरीत एकही घोडा म्हातारा होऊन घरी परतला नव्हता. पण मागे घेतलेला तो हात आठवला आणि आता तिला ते उमगलं.

"माझ्याच हाताने झालं रे बाळा," ती पाखऱ्याच्या मानेला मिठी मारून म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग नाक पुसलं, खडा मुठीत घेतला आणि सुजल्या पायांनी दरबाराकडे निघाली.

"सरकार, हा मिठाचा खडा चाटा," ती म्हणाली.

दरबार हादरला. राजाच्या भुवया चढल्या. "गोजरे, चाकरी करता करता जीभ लांबली तुझी."

"तीन पिढ्या तुमचं मीठ खाल्लं, सरकार. आज एकदा माझं खा."

राजाने हात पुढे केला. मग त्याने खडा जिभेला लावला. लावताच त्याने खाली पाहिलं आणि किंचाळला. तो सिंहासनावर नव्हताच. तो पाखऱ्याच्या पाठीवर होता, लढाईपासून एक क्षणही उतरलेला नव्हता.

"मी उतरलो नाही," राजा पुटपुटला. "गोजरे, त्या दिवशी मी तंगाला हात लावला होता. आजोबा काहीतरी सांगायचे, नीट आठवत नव्हतं. तू राहू द्या म्हणालीस."

"माझं चुकलं, सरकार. आता चला."

"तो मला ओळखेल? मी त्याच्या कातडीचा हुकूम दिला आहे."

"ओळखतो म्हणून तर उभा आहे."

राजा पाय फाकून चालत पागेत आला. मागून एकोणीस शिलेदार, तेही तसेच. हसू नका, तेव्हा कोणी हसलं नाही. पाखऱ्याने कान टवकारले. राजाने तंगाची गाठ सोडली. धप्प! सोन्याचं खोगीर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मातीत पडलं, कुजका वास सुटला. राजाने ओंजळीतून गूळ-हरभरे दिले. "सुटलास, गड्या," तो म्हणाला. पाखऱ्याने कातडी थरथरवली, चारी गुडघे मोडले, आणि पाठीवर पडून असा लोळला, असा लोळला, की राजाच्या अंगरख्यावर धूळच धूळ झाली. राजाचे पाय सरळ झाले. मग एकेक शिलेदार पुढे झाला, एकेक खोगीर धपाधप पडलं.

सूर्य डोंगरावर टेकला. पागेत वीस घोडे लोळत होते. वीस? मी मघाशी एकवीस म्हणालो ना? थांबा, माझा घोळ झाला. नाही, घोळ नाही, एक खरंच राहिली होती. कोपऱ्यात कवडी उभी होती. तिचा स्वार येसबा शिलेदार लढाईतून परत आलाच नव्हता. तिचं खोगीर उतरवणार कोण?

राजाने हात लावून पाहिला, धूर. सगळ्यांनी लावून पाहिला, धूर. आणि तेवढ्यात पडलेल्या वीस खोगिरांनी मातीतच हालचाल सुरू केली. सोन्याचं खोगीर सरपटत पाखऱ्याच्या पोटाशी आलं. पाखऱ्या धडपडत उठला. वेशीकडून सुरेकरी येताना दिसले, कारण हुकूम अजून उठला नव्हता, आणि सूर्य अर्धा बुडाला होता.

"मेलेल्या माणसाला कुठून आणू?" गोजरा ओरडली. तिच्या डोक्यात सातभाई बसल्यासारखा गोंधळ माजला. ज्याने स्वारी केली, त्यानेच उतरवायचं. ज्याने स्वारी केली. मग तिने कवडीच्या खोगिराकडे पाहिलं.

पागेची आणखी एक रीत होती, पहिलीपेक्षा जुनी. मोतद्दाराने घोड्याच्या पाठीवर कधी बसायचं नाही. गोजराच्या तीन पिढ्यांनी घोडे सांभाळले, एकही जण बसला नव्हता.

"सरकार, मला ह्या घोडीवर बसायचं आहे," ती म्हणाली.

राजाने कारण विचारलं नाही. तो वाकला, दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्या सुजल्या पायाखाली धरली आणि तिला वर चढवलं. मग स्वतःच्या हाताने कवडीची आयाळ धरून घोडीला पागेभोवती एक फेरी चालवलं. पन्नास वर्षांची बाई, पहिल्यांदा घोड्यावर, दोन्ही हातांनी गच्च धरून, डोळे मिटून, "अगं बाई, अगं बाई" करत. फेरी पुरी झाली. ती घसरतच खाली उतरली आणि तंगाकडे वळली. ती पडेल असं वाटून राजा पुढे धावला.

"राहू दे गोजरे, मी काढतो."

"नाही सरकार," गोजरा म्हणाली. "ह्या घोडीची स्वार मी आहे."

राजाने हात मागे घेतला. गोजराने गाठ सोडली. तंग हाताला लागला, खरखरीत, खराखुरा. खोगीर पडलं आणि सूर्य बुडाला. कवडी खाली बसली, मान गोजराच्या पायांवर टाकून. बाकीची वीस खोगिरं होती तिथेच निपचित पडली. राजाने सुरेकऱ्यांना हात केला आणि ते माघारी गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. जुन्या घोड्यांना हार घातले, नव्या घोड्यांना थोडं थांबावं लागलं. कारकून सरळ चालू लागले. तेव्हापासून त्या राज्यात घोडा म्हातारा झाला की स्वार स्वतः शेवटचा तंग सोडतो, मोतद्दार बाजूला उभा राहतो, आणि घोडा कुरणात जातो. वेशीवरच्या नव्या नगाऱ्याला कातडं काही मिळालं नाही. त्याच्या रिकाम्या कड्यात सातभाईंनी घरटं केलं, आणि राजा येताना-जाताना "तेच, तेच!" असं ओरडतात, सगळे एकदम, काय ते कळत नाही.

पाखऱ्या पुढे नऊ वर्षं जगला, रोज लोळला. सुटली घोडी, सुटले स्वार, माझ्याही गोष्टीचा तंग सुटला. उठा आता, धूळ झटका आणि घरी जा.